गोळी लागलेलं कापड वाचायचं कसं?

बुलेटप्रूफ जाकिटाचं आवरण उसवून आत पाहिलं तर सोलापूरच्या पूर्व भागातल्या कुठल्याही यंत्रमागवाल्याला ओळखीचीच वस्तू दिसेल: ताणा, बाणा, साधी वीण आणि एकावर एक रचलेले वीस-तीस थर. पिस्तुलाची गोळी अडवणारं मऊ जाकीट हे मुळात कापडच असतं. रायफलच्या गोळीसाठी पुढे सिरॅमिकची पाटी लावतात, पण तिच्या मागेही बहुतेक वेळा तंतूंचेच थर असतात.

केंद्र सरकारने 2020 मध्ये राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र अभियानासाठी 1480 कोटी रुपये मंजूर केले. चादर-टॉवेलच्या पुढे काय, या गप्पांमध्ये आता या कापडाचंही नाव निघतं. गप्पा मात्र लगेच मशीन कुठलं घ्यायचं आणि मीटरला भाव काय मिळेल, इथे येऊन थांबतात. धागा नेमका तुटतो कसा, हे विचारणारे थोडे. हा लेख त्या थोड्यांसाठी आहे: डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला प्रोजेक्ट शोधणारी मुलं, बीएस्सी फिजिक्सवाले, आणि घरी माग असल्यामुळे कापड हातात घेताच त्यातला दोष दिसणारे.

दोष दिसणं ही इथे मोठी शिदोरी आहे, पण तीच एका जागी दगा देते. मागावरचा माणूस विस्कटलेलं कापड पाहिलं की नाक मुरडतो. गोळी लागलेल्या कापडात हिशोब उलटा आहे. बारीक, स्वच्छ भोक पडलं असेल तर त्या थराने जवळजवळ काहीच काम केलेलं नाही. धागे उपसलेत, फुगवटा आलाय, कडेची किनार आत ओढली गेलीय, टोकांच्या झिरमिळ्या झाल्यात, म्हणजे तो थर राबला. पुढच्या सगळ्या पायऱ्या हा फरक आकड्यांत मांडण्यासाठी आहेत.

आधी काय करायचं नाही

गोळीबार आपण करायचा नाही. गड्ड्याच्या जत्रेतली फुगे फोडायची एअरगन आणून ‘छोटासा प्रयोग’ करू, असं मनात आलं असेल तर ते तिथेच सोडा. छर्रा उलटून डोळ्यात जाऊ शकतो, शस्त्र कायद्याची भानगड वेगळीच. शिवाय त्यातून हाती काही लागत नाही. छर्ऱ्याचा वेग माहीत नसतो, तो मऊ शिशाचा असतो आणि कापडाची पकड दर वेळी बदलते. गोळी झाडणं हे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं काम. आपल्या देशात चंडीगडची टीबीआरएल ही डीआरडीओची प्रयोगशाळा अशा चाचण्यांसाठी ओळखली जाते. आपलं काम चाचणी झालेलं कापड वाचायचं, आणि ते वाचता येण्यासाठी डोळा तयार करायचा.

जुनं पोलिसी जाकीट कुठून तरी ‘मिळवून’ त्यावर काम करणं हाही मार्ग नव्हे. ती सरकारी मालमत्ता असते, आणि तिचा इतिहास ठाऊक नसल्यामुळे निष्कर्षाला काही अर्थ उरत नाही.

पहिली पायरी: धाग्याशी ओळख

सुरुवातीला बॅलिस्टिक, म्हणजे गोळी अडवणाऱ्या दर्जाचं कापड लागत नाही. पॅरा-अ‍ॅरामिड धागा शिवणाच्या दोऱ्याच्या रूपात मिळतो, कंपोझिटचं सामान विकणाऱ्यांकडे अ‍ॅरामिडचं विणलेलं कापड मीटरवर मिळतं. केव्हलार आणि ट्वॅरॉन ही याच जातीची व्यापारी नावं. ड्यूपॉन्ट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी 1965 मध्ये या तंतूचा शोध लावला. दुसरी जात अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची. डायनीमा आणि स्पेक्ट्रा ही तिची नावं. तुलनेसाठी नायलॉन आणि पॉलिएस्टरचा धागा घ्या, तो तर सोलापुरात हवा तेवढा आहे.

दोन्ही जातींचे स्वभाव अगदी वेगळे. अ‍ॅरामिडची घनता 1.44, तो वितळत नाही. साडेचारशे-पाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचं विघटन होतं. पॉलिएथिलीनची घनता 0.97, म्हणजे ते पाण्यावर तरंगतं, आणि दीडशे अंशांच्या आतच वितळतं. तुटलेली टोकं पाहताना हा फरक कायम डोक्यात ठेवा.

धाग्याचा डेनियर, म्हणजे जाडेपणाचं माप, स्वतः मोजा, लेबलावर भिस्त ठेवू नका. 9 मीटर धाग्याचं मिलिग्रॅममधलं वजन म्हणजेच त्याचा डेनियर. कॉलेजचा काटा मिळत नसेल तर 90 मीटर मोजून सराफाच्या काट्यावर ठेवा: 840 डेनियरचा धागा 8.4 ग्रॅम भरला पाहिजे. या एका धाग्यात साधारण साडेपाचशे तंतू असतात, प्रत्येकाची जाडी 12 मायक्रॉनच्या आसपास. चांगल्या अ‍ॅरामिडचा 840 डेनियर धागा तुटायला अठरा-एकोणीस किलोचा भार लागतो. हाताला गुंडाळून तोडायला जाऊ नका, बोट कापेल, धागा नाही.

घरची कात्री अ‍ॅरामिडला चावते, कापत नाही. बारीक दाते असलेली खास कात्री घ्या, नाहीतर नवी ब्लेड वापरा आणि लवकर लवकर बदला.

दुसरी पायरी: त्या क्षणात काय घडतं

इथे थोडं गणित आहे, ते टाळू नका. नंतर दिसणाऱ्या प्रत्येक खुणेचा अर्थ यातूनच लागतो.

गोळी धाग्यावर आदळली की धाग्यातून ताणाची लाट दोन्ही बाजूंना धावते. तिचा वेग म्हणजे ताठरपणा भागिले घनता, याचं वर्गमूळ. अ‍ॅरामिडचा ताठरपणा 70 गिगापास्कल धरला तर हा वेग सेकंदाला सुमारे 7 किलोमीटर येतो. नायलॉनमध्ये तो साधारण 2 किलोमीटर, तर चांगल्या पॉलिएथिलीनमध्ये 10 किलोमीटरच्या घरात जातो. लाट जिथवर पोचली तिथवरचा धागा ताणला जातो आणि गोळीच्या दिशेने आत सरकू लागतो. तिच्या मागून, बरीच सावकाश, दुसरी लाट येते. ती कापडाला गोळीबरोबर मागे ढकलते आणि तंबूसारखा फुगवटा तयार करते.

आता एक उदाहरण सोडवू. अमेरिकेच्या एनआयजे (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस) या सरकारी संस्थेच्या जाकीट-मानकाच्या 2008 च्या आवृत्तीत एका पातळीची चाचणी 8 ग्रॅमच्या 9 मिलिमीटर गोळीने, सेकंदाला 398 मीटर वेगाने होते. तिची ऊर्जा अर्धा गुणिले 0.008 गुणिले 398 चा वर्ग, म्हणजे सुमारे 634 ज्यूल. कापडाचा तुकडा 40 सेंटिमीटर रुंद असेल तर मधोमध लागलेल्या गोळीची लाट कडेला पोचायला 20 सेंटिमीटर भागिले 7 किलोमीटर, म्हणजे जेमतेम 29 मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात गोळी, वेग कमी झाला नाही असं धरलं तरी, साडेअकरा मिलिमीटरच पुढे सरकते. म्हणजे भोकापासून वीतभर दूर असलेला धागाही या झटापटीत सामील झालेला असतो. म्हणूनच फक्त भोक पाहून चालत नाही.

वेग फार जास्त असेल तर धागा लाट पसरण्याआधीच आदळल्या जागी तुटतो. बाकीच्या कापडाला पत्ताही लागत नाही. स्वच्छ भोक ते हेच.

आणखी एक गोष्ट मागवाल्यांना पटायला जड जाते. ताणा आणि बाणा जिथे एकमेकांना छेदतात तिथे लाटेचा काही भाग परत फिरतो आणि गोळीखालचा ताण वाढवतो. त्यामुळे वीण जितकी घट्ट तितकं कापड चांगलं, हा नियम इथे सरळ लागू होत नाही. फार सैल विणीत गोळी धागे बाजूला सारून घुसते, फार घट्ट विणीत धागे लवकर तुटतात. धागे न विणता एका दिशेत मांडून, थरावर थर आडवे-उभे चिकटवलेल्या शीट निघाल्या त्यामागे हेही एक कारण आहे.

तिसरी पायरी: ओळखीच्या टोकांचा संग्रह

बहुतेक नवशिके ही पायरी गाळतात आणि मग कात्रीची खूण गोळीची म्हणून अहवालात लिहून मोकळे होतात. खऱ्या नमुन्याला हात लावण्याआधी तुटण्याची कारणं स्वतः निर्माण करा आणि प्रत्येक कारणाचं टोक काचपट्टीवर चिकटवून नाव लिहून ठेवा. कात्रीने कापलेलं, नव्या ब्लेडने कापलेलं, हळूहळू ताणून तोडलेलं, स्टीलच्या कडेवर घासून तोडलेलं, व्हाइसमध्ये दोन पट्ट्यांच्या मधे दाबलेलं, घट्ट गाठ मारून ताणलेलं. नायलॉन आणि पॉलिएथिलीनचं एकेक टोक तापलेल्या सोल्डरिंग गनला लावून वितळवलेलंही हवं. प्रत्येक जातीच्या धाग्याचा वेगळा संच करा.

साध्या मायक्रोस्कोपखालीही बरंच कळतं. अ‍ॅरामिड ताणून तोडला की तो आडवा तुटत नाही, उभा चिरत जातो आणि टोकाला लांब झिरमिळ्या सुटतात. याला फायब्रिलेशन म्हणतात. दाबलेला तंतू चपटा होतो. गाठीच्या आतल्या बाजूला, जिथे तंतू दाबला जातो तिथे, तिरप्या बारीक पट्ट्या उमटतात. त्या किंक बँड. ताणात बलदंड असलेला अ‍ॅरामिड दाबात किती दुबळा आहे याची ती सही. कॅमेऱ्याचे दोन पोलरायझर फिल्टर मिळाले तर एक खाली, एक वर धरून पाहा, या पट्ट्या ठळक उठून दिसतात.

सावध राहण्याची जागा इथेच आहे. अ‍ॅरामिड हळू ताणला तरी झिरमिळ्या सुटतात आणि झटक्यात ताणला तरी सुटतात. नुसत्या झिरमिळ्या पाहून ‘हे वेगवान आघाताचं टोक’ असं म्हणता येत नाही. नायलॉन या बाबतीत जास्त बोलका. हळू ताणल्यावर त्याच्या टोकाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी चीर दिसते. फार वेगाने तुटला तर निर्माण झालेली उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही आणि टोक भूछत्रासारखं गोल फुगतं. पॉलिएथिलीनच्या टोकांवरही मऊ होऊन ओघळल्याच्या खुणा सापडतात. अ‍ॅरामिडवर वितळल्यासारखं काही दिसलं तर आधी संशय घ्या: ते बहुधा गोळीच्या शिशाचं किंवा तांब्याच्या कवचाचं पुट असतं, नाहीतर मधल्या चिकट थराचं.

चौथी पायरी: चाचणी झालेला नमुना हातात आल्यावर

नमुना मिळवण्याचा सरळ मार्ग म्हणजे कॉलेजच्या लेटरहेडवर, मार्गदर्शक प्राध्यापकांच्या सहीने, चाचणी करणाऱ्या संस्थेला किंवा जाकिटं बनवणाऱ्याला पत्र. चाचणी झालेले तुकडे त्यांच्या दृष्टीने बहुतेक वेळा टाकाऊच असतात. संरक्षक वस्त्रांसाठीचं उत्कृष्टता केंद्र गाझियाबादच्या निट्रा संस्थेत आहे, तिथेही विचारता येतं.

पाकीट उघडण्यापूर्वी हातमोजे आणि मास्क घाला. नमुन्यात शिशाची पूड असते आणि अ‍ॅरामिडचा बारीक तूस हवेत उडतो. फुंकर मारून साफ करू नका. काम झाल्यावर हात साबणाने धुवा आणि त्या टेबलावर चहा आणू नका. हे सांगावं लागतं, कारण आपल्याकडे चहा कुठेही येतो.

थर वेगळे करण्याआधी प्रत्येक थराच्या त्याच कोपऱ्यात क्रमांक आणि वरची दिशा दाखवणारा बाण काढा. एकदा थर उलटसुलट झाले की तो अभ्यास संपला. मग प्रत्येक थराचे दोन्ही बाजूंनी फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि प्रकाश वरून न पाडता कडेने तिरपा. सरकलेला धागा तिरप्या उजेडातच दिसतो.

त्यानंतर नकाशा. पारदर्शक प्लास्टिकवर 10, 20, 40 आणि 80 मिलिमीटर त्रिज्येची वर्तुळं काढा, केंद्र भोकावर ठेवा आणि पिक ग्लास, म्हणजे कापडातले धागे मोजायचं भिंग, घेऊन बसा. घरी मागासाठी असेल तर तेच चालतं. प्रत्येक थरासाठी चार आकडे लिहा: ताण्याचे तुटलेले धागे, बाण्याचे तुटलेले धागे, न तुटता बाजूला सरकलेले धागे, आणि कडेची किनार किती मिलिमीटर आत ओढली गेली. गोळीला थेट भिडलेल्या धाग्यांची अधिक चिन्हासारखी रेघ कडेपर्यंत गेलेली दिसते. ती रेघ सगळ्यात जास्त माहिती देते, आणि फोटोत सगळ्यात कमी दिसते.

बहुतेक नमुन्यांत पुढच्या थरांत कापल्यासारखी, दबलेली, आखूड टोकं सापडतात. मधल्या थरांत लांब झिरमिळ्यांची. मागच्या थरांत धागे तुटण्याऐवजी उपसलेले असतात आणि फुगवटा असतो. गोळी पुढच्या थरांत शिरताना वेगवान आणि टोकदार असते. आत जाता जाता ती चपटी होते, वेग घटतो, आणि मागच्या कापडाला ताणून काम करायला वेळ मिळतो. तुमच्या नमुन्यात हा क्रम कुठल्या थराला बदलतो, ते शोधा. तोच तुमच्या प्रोजेक्टचा मुख्य आकडा होऊ शकतो.

चपटी झालेली गोळी कापडात अडकलेली असेल तर उपटू नका. आधी फोटो, मग कोणत्या थरात अडकली त्याची नोंद, मग वेगळ्या डबीत.

पाचवी पायरी: न तुटलेल्या धाग्याची ताकद

सगळ्यात रंजक प्रश्न हा: जो धागा तुटला नाही, तो शाबूत आहे का? एकाच थरातून भोकालगतचा, 40 मिलिमीटरवरचा आणि कोपऱ्यातला असे धागे काळजीपूर्वक उपसा आणि ताणयंत्रावर तोडून पाहा. प्रत्येक जागेचे किमान दहा-दहा. सरासरीइतकाच आकड्यांचा पसाराही महत्त्वाचा.

तुलना कोनवरच्या (शंकूच्या आकाराच्या रिळावरच्या) ताज्या धाग्याशी करू नका. फणीतून, धोट्याच्या नाहीतर रेपियरच्या ओढाताणीतून गेलेला धागा विणतानाच थोडी ताकद गमावतो, हे सोलापुरात कुणाला शिकवायला नको. तुलना त्याच कापडाच्या आघात न झालेल्या कोपऱ्याशी करा.

दुसरी अडचण पकडीची. साध्या जबड्यात अ‍ॅरामिड एकतर निसटतो, नाहीतर जबड्याच्या कडेला तुटतो. गोल खुंट्यावर दोन-तीन वेढे देऊन मग टोक पकडणारी कॅपस्टन ग्रिप हवी. वर्कशॉपमध्ये लेथवर ती करून घेता येते. जबड्यापाशी तुटलेली प्रत्येक चाचणी बाद धरा. धाग्याला ठरावीक हलका पीळ द्या आणि तो सगळ्यांना सारखा द्या, म्हणजे तंतू एकत्र भार घेतील.

याच यंत्रावर आणखी एक स्वस्त प्रयोग होतो. कापडाच्या तुकड्यातून एकच धागा उपसायला किती जोर लागतो ते मोजा: कोरडं कापड, पाण्यात भिजवलेलं, आणि धुऊन खळ किंवा तेलकट फिनिश काढलेलं. ओलं अ‍ॅरामिड कापड गोळी कमी अडवतं, कारण पाण्याने धाग्याधाग्यांतलं घर्षण घटतं आणि गोळीला वाट करून घेणं सोपं जातं. म्हणून जाकिटातल्या थरांना पाणी न धरणारी प्रक्रिया करतात आणि वर बंद आवरण घालतात.

स्टीलचा गोळा एक मीटरवरून सोडण्याचा प्रयोग अनेक प्रोजेक्टमध्ये दिसतो. त्याचा वेग सेकंदाला 4.4 मीटरच्या आसपास, म्हणजे गोळीच्या नव्वदाव्या हिश्शाइतका. धागे सरकणं, उपसणं समजायला तो ठीक आहे. त्यावरून ‘गोळी अडेल’ असं लिहिणारा अहवाल मी पाहिला की पुढचं पान उलटत नाही.

ऊन आणि दमट हवा

सोलापूरच्या उन्हाळ्याचा इथे फुकटात उपयोग होतो. अ‍ॅरामिड उन्हातल्या अतिनील किरणांनी खराब होतो. सोनेरी पिवळा रंग तपकिरीकडे झुकतो आणि ताकद घटते. एकाच कोनवरचा धागा गच्चीवर आणि कपाटात ठेवून एप्रिल-मे मध्ये दर आठवड्याला तुकडे तोडून पाहा. गच्चीवरचं सर्वोच्च तापमान रोज लिहा. धागा एका थरातच पसरा. गुंडाळी ठेवली तर वरचा थर आतल्याला सावली देतो आणि आकडे फसवतात.

म्हातारा होणारा तंतू किती घातक ठरतो, याचं उदाहरण झायलॉनचं. हा पीबीओ तंतू नवा असताना अ‍ॅरामिडपेक्षा बलवान, म्हणून जाकिटांत मोठ्या अपेक्षेने आला. जून 2003 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या फॉरेस्ट हिल्स इथे त्याचं जाकीट घातलेला पोलीस अधिकारी गोळी आरपार गेल्याने जखमी झाला. पुढच्या तपासात ओलावा, उष्णता आणि प्रकाश यांनी तंतू कमकुवत होत असल्याचं पुढे आलं आणि 2005 मध्ये तिथल्या एनआयजेने तो तंतू नाकारला. जाकीट वापरात होतं, दिसायला धड होतं, धागाच आतून गेला होता.

एसईएमकडे कधी जायचं

स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो देखणे असतात, म्हणून मुलं पहिल्याच आठवड्यात तिकडे धावतात. नकाशा आणि संग्रह झाल्यावरच जा, म्हणजे कुठल्या थराचा कुठला धागा दाखवायचा ते ठरलेलं असेल. तास मोजून पैसे लागतात. विद्यापीठाच्या विज्ञान विभागात आधी चौकशी करा. आयआयटी मुंबईचं सैफ केंद्र बाहेरचे नमुने शुल्क घेऊन तपासतं.

नमुना काढताना टोकापासून दूर, न बिघडलेल्या भागावर सुपरग्लूचा थेंब टाका, तो वाळल्यावर त्याच्या पलीकडे कापा. कापलेली बाजू कोणती ते स्टबवर, म्हणजे नमुना चिकटवायच्या चकतीवर, खूण करून ठेवा. हे तंतू वीज वाहून नेत नाहीत, म्हणून सोन्याचा पातळ लेप लावून घ्या आणि कमी व्होल्टेज मागा; पॉलिएथिलीन तर किरणाच्या उष्णतेनेच मऊ होतं आणि मग नसलेली खूण दिसते. संग्रहातलं एक कात्रीचं टोक त्याच स्टबवर लावा.

पत्र आणि अहवाल

चाचणी संस्थेला पत्र लिहिताना ‘जाकीट पास झालं की नापास’ हे विचारू नका. एनआयजे पद्धतीत चाचणीवेळी जाकिटामागे ठेवलेल्या मातीत खड्डा 44 मिलिमीटरपेक्षा खोल नको, अशी अट असते. आपल्याकडे बुलेटरोधक जाकिटांसाठी आयएस 17051 हे 2018 चं भारतीय मानक आहे. ते निकाल संस्था देतेच. तुम्ही मागा: गोळीचा प्रकार आणि वजन, प्रत्येक गोळीचा मोजलेला वेग, थरांची संख्या, कापडाची वीण आणि डेनियर, चाचणीवेळचं तापमान, नमुना कोरडा होता की भिजवलेला, आणि कोणती गोळी कुठे लागली त्याचं रेखाचित्र. व्ही-50 चाचणी झाली असेल, म्हणजे ज्या वेगाला निम्म्या गोळ्या आरपार जातात तो काढला असेल, तर त्या मालिकेतला एक अडवलेला आणि एक आरपार गेलेला, जवळजवळ सारख्या वेगाचा तुकडा मागा. दोघांचे नकाशे शेजारी ठेवले की प्रोजेक्ट अर्धा झाला.

अहवालात फोटोखाली थर क्रमांक, बाजू आणि मोजपट्टी असलीच पाहिजे. ‘दिसलं’ आणि ‘वाटतं’ यांचे रकाने वेगळे ठेवा. नमुने झिपच्या पिशवीत, अंधाऱ्या कोरड्या कपाटात ठेवा, आणि संस्थेला आभाराच्या पत्रासोबत नकाशांची एक प्रत पाठवा. पुढच्या वर्षीच्या मुलांना नमुने मागायला तोंड राहतं.